पाटीवर बत्तीस, आत धापा

माझं धनकवडीत मेडिकलचं दुकान आहे आणि घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकवून, १२ बाय ६ फुटांचा जाळीचा पिंजरा. जाळी बोहरी आळीतली, अर्धा इंची. घरट्यांसाठीची मातीची मटकी कसब्यातल्या कुंभारांकडची. आत कॉकटेलच्या (तुरेवाल्या छोट्या पोपटांच्या) तीन जोड्या, आठ-नऊ बजी (त्याहून लहान पोपट), झेब्रा फिंचचं एक अखंड कलकलणारं खटलं आणि डायमंड डव्हची एक गरीब जोडी. चारही जाती मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या. आपल्याकडे बजीलाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. तेही माझ्याकडे होते, पण त्यांनी एका फिंचचं बोट तोडलं त्या आठवड्यातच मी ते देऊन टाकले.

लिहायचंय ते मात्र ब्रूडरबद्दल, म्हणजे पिल्लं उबेत ठेवायच्या पेटीबद्दल. वर्षापूर्वी शहरातल्या एका कारागिराकडून ३,२०० रुपयांना बनवून घेतला. त्याचं दुकान नाही, पाटी नाही, घरीच बनवतो. नाव-नंबर देणार नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणूस वाईट नाही.

ब्रूडरची वेळ का आली ते आधी सांगते. मिक्स पिंजऱ्यात सगळ्यात उपद्रवी कोण असेल तर बजीची मादी. एवढीशी असते, पण दुसऱ्याचं घर दिसलं की आत गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. कॉकटेलमध्ये दिवसा नर बसतो, रात्री मादी. दोघांची पाळी बदलते तेव्हा घरटं दोन-चार मिनिटं मोकळं असतं. तेवढ्यात बजी आत शिरली. मी वर गेले तेव्हा एक पिल्लू डोक्याला जखम होऊन मेलेलं होतं आणि उरलेली तीन एकमेकांवर चढून फुसफुसत होती. कॉकटेलची पिल्लं घाबरली की सापासारखी फुसकारतात आणि डावी-उजवीकडे डोलतात. ती तीन मी खाली आणली. कॉकटेल एकाआड एक दिवस अंडं घालते, त्यामुळे भावंडं असूनही तिघांची वयं वेगळी: १४, १२ आणि ९ दिवस. हा वयाचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याआधी मी लशींचं थर्मोकोलचं खोकं आणि ४० वॅटचा पिवळा बल्ब यावर भागवत होते. मेडिकलवाल्यांकडे अशा खोक्यांना तोटा नाही. पण रात्रभर उजेड असला की पिल्लं झोपत नाहीत, आणि जरा मोठी झाली की थर्मोकोल टोचून खातात. म्हणून ही पेटी मागवली होती. पिल्लं खाली आणायच्या दोनच दिवस आधी ती आली होती.

पेटी १८ बाय १२ बाय १४ इंच, एसीपी (अॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या) शीटची, पुढून वर सरकणारं अॅक्रिलिक. उजव्या कोपऱ्यात सिरॅमिकचा ६० वॅटचा हीटर. तो बल्बच्या होल्डरमध्येच बसतो, पण उजेड देत नाही. याचे पैकीच्या पैकी गुण. डावीकडे कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि शेजारी हवेची भोकं. वर तापमान राखणारा एसटीसी-१००० थर्मोस्टॅट, म्हणजे अंडी उबवणारे सगळे वापरतात तोच. काम सुबक आहे. जाळी कुठे टोचत नाही, कडी घट्ट बसते. वजन चार किलोच्या आतबाहेर, त्यामुळे मी ती अॅक्टिव्हाच्या पुढ्यात ठेवून रोज दुकानात नेत होते. चार-चार तासांनी भरवायचं तर दुसरा इलाज नव्हता. काउंटरखाली ब्रूडर आणि वर मी डोलो मोजतेय. एक आजोबा पाच मिनिटं टक लावून बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, ही कडकनाथची का?"

पेटी आल्यावर ती लगेच वापरू नका. अॅक्रिलिक चिकटवायच्या गोंदाचा वास माझ्या पेटीला दोन दिवस येत होता. पक्ष्यांची फुप्फुसं धुरा-वासाला फार नाजूक. नॉनस्टिक तवा करपला तर शेजारच्या खोलीतला पक्षी मरू शकतो. मी पेटी रिकामीच ३७ वर लावून गच्चीत ४८ तास चालू ठेवली. कारागिराने हे सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं ते एवढंच, "ताई, प्लग लावा आणि विसरून जा."

मी विसरले नाही, तरी फसलेच.

पहिल्या दिवशी थर्मोस्टॅट ३२ वर लावला. पंख नुकते सुयांसारखे फुटत असताना ३० ते ३२ ठीक असतं. पाटीवर लाल अक्षरांत ३२.० दिसत होतं. मी निश्चिंत होऊन दुकानाचं शटर लावायला गेले. घरी सासूबाई होत्या. पक्ष्यांचं त्यांना काही देणंघेणं नाही, पण पेटीसमोर बसून त्या भाजी निवडत होत्या. त्यांचा फोन आला, "अगं, ही तुझी पिल्लं धापा टाकतायत गं. चोची उघड्या आहेत सगळ्यांच्या."

मी म्हटलं, "पाटीवर किती दिसतंय?"

"बत्तीस. पण पाटी काय करायचीय, धापा टाकतायत!"

आले तर तिघंही तीन कोपऱ्यांत, मान लांब, पंख अंगापासून सुटलेले, कातडी लाल. गारठलेली पिल्लं एकमेकांत घुसून गोळा होतात. ही एकमेकांपासून पळत होती. स्वयंपाकघरातला सळईवाला थर्मामीटर (ताप मोजायचा नव्हे, तो सर्वांत वरचा आकडा धरून बसतो) पिल्लांच्या पोटाच्या उंचीवर धरला. हीटरकडच्या बाजूला ३६.४.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाला काळा मणी असतो, तो सेन्सर. कारागिराने तो वरच्या डाव्या कोपऱ्यात, हवेच्या भोकांना लागूनच चिकटवला होता. बाहेरची गार हवा आधी त्याच्यावर येते, तो म्हणतो अजून गार आहे, आणि हीटर आपला तापत राहतो. आकडा खोटा नव्हता. छताजवळच्या कोपऱ्यात खरोखर ३२ होतं, फक्त तिथे पिल्लं राहत नव्हती.

त्या रात्रीत सर्वांत लहान पिल्लाचं क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, थांबलं. ऊन लागल्यासारखं अंगातलं पाणी गेलं की क्रॉपमधलं अन्न पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं. सकाळपर्यंत क्रॉप रिकामं व्हायला हवं होतं. त्याचं लोंबतं आणि थंडगार होतं, बोट लावलं की पिठाच्या गोळ्यासारखं लागत होतं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ते रिकामं करून औषध दिलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. दोष निम्मा पेटीचा, निम्मा माझा. मी औषधं विकते. मापाचं यंत्र पहिल्या दिवशी दुसऱ्या यंत्राशी ताडून बघायचं, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

कारागिराला फोटो पाठवला. पहिलं उत्तर, "सेन्सर तिथेच असतो मॅडम, सगळ्यांना तसंच दिलंय." मग मी सळईच्या थर्मामीटरचा व्हिडिओ पाठवला. दोन तास शांतता. मग, "लांब वायर पाठवतो." पाठवली, पैसे घेतले नाहीत. सेन्सर आता तळापासून तीन इंचांवर, मधोमध, जाळीच्या छोट्या डबीत आहे, म्हणजे पिल्लं चावत नाहीत.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. एसटीसी-१००० मध्ये एफ१ म्हणजे हवं ते तापमान आणि एफ२ म्हणजे किती अंशांनी उतरल्यावर हीटर परत सुरू व्हायचा. माझ्या पेटीत एफ२ दोनवर लावलेला होता. म्हणजे ३२ ला बंद आणि ३० ला सुरू. अंगावर पिसं नसलेल्या पिल्लाला हा झोका नको. अर्ध्या अंशावर आणा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तेवढ्यात एफ४ पण बघा. आकडा चुकत असेल तर तिथून दुरुस्त करता येतो.

हीटर एका बाजूला आहे याला मी सुरुवातीला दोष समजत होते. आता तोच मला पेटीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एकच तापमान चालत नाही. हीटर एका टोकाला असल्यामुळे उजवीकडे दोन-तीन अंश जास्त, डावीकडे कमी. लहान उजवीकडे ठेवायचं, पिसं आलेलं आपोआप डावीकडे सरकतं. जाहिरातीत 'सगळीकडे सारखं तापमान' म्हणून दाखवतात त्या पेट्यांत पिल्लाला निवड करायला जागाच नसते.

ओलावा मात्र या पेटीत शून्य. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा किती कोरडी असते ते तुमचे ओठ तुम्हाला सांगतात. पंख्यापुढे पाण्याची वाटी, वर जाळीचं झाकण, आणि शंभर-दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक. ५० ते ६० टक्के राहिली की कातडी सुरकुतत नाही. पावसाळ्यात वाटी काढून टाकते, नाहीतर अॅक्रिलिकला घाम येतो.

तळ गुळगुळीत आहे, तो आहे तसा वापरू नका. पाय घसरून फाकले की तसेच वाढतात आणि मग ते पिल्लू फांदीवर नीट बसत नाही. टॉवेल घालू नका, नखं अडकतात. मी ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी आणि तिच्यावर टिशू घालते. भरवण्याआधी दर वेळी टिशू बदलायचा.

भरवण्याबद्दल थोडक्यात. मी न्यूट्रीबर्ड ए२१ (पिल्लांना भरवायची तयार पावडर) वापरते, सीलबंद. एका दुकानात सुट्टं भरलेलं पाकीट घेतलं होतं. ते कधी फोडलं होतं याचा पत्ता नाही, वासच जुन्या पिठाचा येत होता, फेकलं. पेज ३९-४० अंशांची. ४३ च्या वर क्रॉप आतून भाजतं, फार गार दिली तर पिल्लू घेत नाही. मायक्रोवेव्हमध्ये करू नका, कुठेतरी एक उकळता ठिपका राहतोच. गरम पाण्याच्या वाटीत वाटी ठेवून ढवळायची. सिरिंज आमच्याच काउंटरवरची, सुई काढून. पिल्लाच्या डाव्या बाजूने, उजव्या बाजूकडे रोखून. दर खेपेला वजनाच्या दहा टक्के. सकाळी उपाशीपोटी वजन, किचनच्या काट्यावर, आणि वहीत नोंद. पिल्लू घर्रघर्र करत मान हापशासारखी वरखाली हलवतं तेव्हा सिरिंजला फक्त धरून राहायचं असतं. पातळ कातडीतून क्रॉप पिवळसर फुग्यासारखं भरताना दिसतं. पोट भरल्यावर तोंड उघडंच राहून तसंच झोपी जातं, चोचीला पेज लागलेली. ती लगेच कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसायची, वाळली तर चोच वाकडी होते.

वीज गेली तर या पेटीत काहीही सोय नाही, आणि पेटी लवकर गार होते. जानेवारीत एकदा पहाटे तीनला गेली. आमचा इन्व्हर्टर तेव्हा फक्त दिवे-पंख्यांवर होता. प्लास्टिकच्या दोन सलाईनच्या बाटल्यांत गरम पाणी भरलं, पायमोज्यात गुंडाळून डाव्या-उजव्या बाजूला ठेवल्या, वर गोधडी टाकली, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवली. पाचला वीज आली तेव्हा आत २८ होतं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो प्लग इन्व्हर्टरवर घेतला. ६० वॅट म्हणजे काही विशेष भार नाही.

त्या तीनपैकी दोन जगली. मोठं लुटिनो, पिवळं, लाल डोळ्यांचं, आता दुकानात माझ्या खांद्यावर असतं आणि बारकोडचा आवाज काढतं. धाकट्याला बरोब्बर आठ आठवडे लागले दाणे फोडायला. राळा आधी, बाजरी मग, सूर्यफूल अगदी शेवटी.

ब्रूडर काउंटरखाली असल्याचा एक उपद्रव म्हणजे लोक वाटेल ती पिल्लं आणून देतात. झाडाच्या ढोलीतून पडलेलं हिरव्या पोपटाचं पिल्लू घेऊन एक मुलगा आला होता. आपला देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते पिल्लू माझ्या पेटीत एक रात्रही घालता येत नाही. मी १९२६ वर वनखात्याला फोन लावून दिला, ते घेऊन गेले. मुलगा मात्र माझ्यावर नाराज झाला.

तर, ३,२०० ला घ्यावी का? ज्यांच्याकडे एखादीच जोडी आहे आणि आई-बाप नीट भरवतायत, त्यांनी मुळीच नको, मटकीत डोकावणंही कमी करा. ज्यांचा माझ्यासारखा मिक्स पिंजरा आहे आणि दर सीझनला कोणीतरी कोणाच्या तरी घरात घुसतंच, त्यांनी घ्यावी. पण सेन्सर खाली आणून, एफ२ अर्ध्या अंशावर करून आणि सासूबाईंसारखं कोणी समोर बसवून. पाचपैकी साडेतीन. सेन्सर मुळात जागेवर असता तर साडेचार दिले असते.

दुसऱ्या जोडीच्या मटक्यात या आठवड्यात चार अंडी आहेत, टॉर्चने बघितली तर तिघांत लाल शिरा दिसतात. बजी वेगळ्या पिंजऱ्यात हलवल्यात, तरी दुसरी पेटी सांगून ठेवलीय, सेन्सर तीन इंचांवर आणि वाटीसाठी जाळीचा कप्पा बसवून. तो ४०० जास्त मागतोय. मी २०० म्हटलंय, आणि वर तो व्हिडिओ परत पाठवलाय.