ॲल्युमिनियममधली सर्क्लिपची खाच: १६ ईआर इन्सर्ट वापरून काय वाटलं

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्क आहे. लेथ जुनी, बेल्टवरची, जास्तीत जास्त हजार आरपीएमची. ॲल्युमिनियमच्या २० मिमी पिनेवर सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खाच, रुंदी १.३ आणि तळाचा व्यास १९, हे रोजचं काम. दिवाळीपासून ते १६ ईआर साइजच्या सर्क्लिप इन्सर्टवर, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या कार्बाइडच्या बदलत्या तुकड्यावर, चाललंय.

आटे पाडायचा होल्डर आधीच होता, त्यातच ही बसते. इन्सर्टला तीन टोकं.

दुकानात मागितली की हमखास कोटिंगवाली हातात ठेवतात. ॲल्युमिनियमला ती नकोच. स्टीलसाठीच्या इन्सर्टची धार मुद्दाम किंचित गोल ठेवलेली असते, वर कोटिंगचा थर. मग धातू कापला जात नाही, दाबला जातो, टोकाला चिकटतो आणि त्या चिकटलेल्या गोळ्यानेच पुढची खाच पडते. भिंती ओरबाडलेल्या, काठावर बर (धातूची धारदार कुसळं). सर्क्लिपच्या खाचेला रुंदीत ०.१४ ची सूट असते म्हणून माल पास होतो. ओ-रिंगची (गळती रोखणाऱ्या रबरी कडीची) खाच असती तर परतच आला असता. बिनकोटिंगची, पॉलिश केलेली मागा आणि नखावर धार बघूनच घ्या.

आता कार्बाइडच्या वेगाबद्दल. २० मिमीवर हजार आरपीएम म्हणजे मिनिटाला ६३ मीटर. ॲल्युमिनियममध्ये कार्बाइड याच्या कितीतरी पट वेगाने चालतं, आणि इतक्या वेगाला तर एचएसएस (हायस्पीड स्टीलचं टूल) सुद्धा आरामात पुरतं. म्हणजे आमच्यासारख्या लेथवर इन्सर्टचे पैसे आपण वेगासाठी देतच नाही. देतो ते रुंदीसाठी: टोक बदललं तरी खाच १.३ चीच, सकाळचा टर्नर असो की रात्रीचा.

फिनिश विचाराल तर हाताने घासलेलं एचएसएस अजूनही वरचढ. दोन्ही बाजूंना एक-दोन अंश क्लिअरन्स (टूल भिंतींना घासू नये म्हणून), वरून भरपूर रेक (वरच्या बाजूचा उतार), शेवटी तेलाच्या दगडावर धार. चार नगांचं काम किंवा वेडीवाकडी रुंदी आली की मी तेच बांधतो. खोल खाचेला तर १६ ईआर उपयोगाचीच नाही, तिचं टोक फार पुढे येत नाही.

कूलंट दोन्हीला हवंच. पूर्वी रॉकेल लावायचो, आता ते मिळायची मारामार. सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळायचं तेल) ब्रशने सोडलं तरी चालतं. फीड (टूल आत सरकवणं) मात्र सलग द्या. तळाशी टूल नुसतं घासत ठेवलं की चिकटायला सुरुवात झालीच.

शंभराच्या वरचा लॉट असेल तर बेलाशक घ्या.