महागडं स्मार्टवॉच, एक पावसाळा आणि चार्जरची पिन : वापरानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटी लागू नाही’ असं लिहून आलं, त्या दिवशी ठरवलं की या घड्याळाबद्दल सविस्तर लिहायचंच. स्क्रीन, प्रोसेसर, जीपीएस ही माहिती सगळीकडे आहे, त्यात वेळ घालवत नाही. एका जुन्या युरोपियन घराण्याचं घड्याळ, टायटॅनियमची केस, सफायरची काच, पाच एटीएमची पाणीरोधक क्षमता, गूगलची वेअर ओएस प्रणाली. किंमत एक लाख साठ हजारांच्या घरात. बोनसमधून, स्वतःच्या पैशाने घेतलेलं. मी ठाण्याला राहते, ऑफिस फोर्टला. म्हणजे रोज लोकल आणि वर्षातले बरेच महिने घाम. माझा अनुभव या हवेतला आहे, तो तसाच वाचावा.

झालं असं की पावसाळा संपता संपता एका सकाळी चार्जरवर ठेवलेलं घड्याळ बंदच मिळालं. उचलून पुन्हा ठेवलं, अडॅप्टर बदलला, केबल उलटसुलट करून पाहिली. चार्जिंगची खूण उमटायची आणि लगेच जायची. वॉरंटी शिल्लक होती, त्यामुळे फारशी काळजी वाटली नाही. शनिवारी अर्धा दिवस काढून सेंटरला गेले.

काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्याने घड्याळ उलटं केलं, मोबाइलने मागच्या बाजूचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. चार्जिंगच्या गोल ठिपक्यांपैकी एकाच्या कडेला काळसर हिरवट डाग होता. ‘मॅडम, करोजन आहे. पाणी गेलंय.’ चार्जर मी मुद्दाम सोबत नेला होता. तो म्हणाला, ‘तो घरी न्या, फक्त वॉच ठेवा.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आठवड्याभराने फोन आला. मागचं पूर्ण मॉड्यूल बदलावं लागेल, बेचाळीस हजार अधिक जीएसटी. वॉरंटीत बसत नाही, कारण लिक्विड डॅमेज.

माझा पेशा हिशेब तपासण्याचा आहे. कागदावर लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळत नसेल तर मला पुढे जाताच येत नाही. पाच एटीएम म्हणजे पन्नास मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब, आयएसओ २२८१० या मानकाप्रमाणे तपासलेला. पन्नास मीटरवर डायव्हिंग करा असा त्याचा अर्थ नाही हे मलाही कळतं. पण कंपनीचं माहितीपत्रक स्वतःच म्हणतं की हे घालून पोहता येईल. मग पोहायला चालणारं घड्याळ मनगटावरच्या घामाने खराब झालं आणि ती चूक ग्राहकाची, हे कसं? दुसरी गोष्ट अजून सरळ आहे. चार्जिंगचे ठिपके सीलच्या बाहेर असतात. बाहेरच्या धातूवर डाग आला म्हणजे आत पाणी शिरलं असं होत नाही. आत शिरलं असेल तर घड्याळ उघडून दाखवा. मी विचारलं तेव्हा कळलं की उघडलंच नव्हतं. फोटोवरूनच निदान झालं होतं.

दुरुस्ती न करता घड्याळ परत घेतलं. तपासणीचे पैसे मागितले ते दिले, पण पावतीवर ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून, असं लिहून. हे सगळ्यांनी करावं. पैसे भरले म्हणजे त्यांचं म्हणणं मान्य केलं, असा अर्थ नंतर काढता येत नाही.

घरी येताना स्टेशनजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे थांबले. बाबांचं एचएमटी वर्षानुवर्षं तिथेच साफ होतं. स्मार्टवॉच ते दुरुस्त करत नाहीत, पहिल्यांदा नाहीच म्हणाले. मी म्हटलं, फक्त मागचा डाग पाहा. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, लाकडी काडी स्पिरिटमध्ये बुडवून ठिपक्यावर फिरवली. डाग बराचसा निघाला. खाली धातू गुळगुळीत होता, खड्डा पडलेला नव्हता. मग म्हणाले, ‘ताई, चार्जर दाखवा.’

चार्जरवर स्प्रिंगच्या बारीक पिना असतात, घड्याळ ठेवलं की दबतात. काकांनी तो दिव्याखाली तिरका धरला. बाकीच्या पिना सारख्या उंचीच्या आणि एक खाली बसलेली. फरक नखाच्या जाडीएवढाही नसेल, पण भिंगातून मलाही स्पष्ट दिसला. पिनेभोवती मेणासारखी पिवळट घाण होती. घाम, त्वचेचं तेल आणि सनस्क्रीन यांचा तो थर. त्यांनी स्पिरिटचा थेंब सोडला, सुईने पिन दोनचार वेळा खालीवर केली आणि ती टचकन वर आली. तिथेच पॉवर बँकेला लावून पाहिलं. चार्जिंग सुरू. पैसे घेतले पन्नास रुपये. मी जास्त देत होते, घेतले नाहीत.

कुठे बेचाळीस हजार आणि कुठे पन्नास रुपये. पण माझा राग पैशांपेक्षा त्या जॉबशीटचा आहे. ‘लिक्विड डॅमेज’ हा शेरा सिरियल नंबरवर चढला की उद्या खरोखर सदोष बॅटरी किंवा स्क्रीन निघाली तरी तोच शेरा दाखवून हात वर करता येतात. म्हणून घड्याळ चालू झाल्यावरही मी प्रकरण सोडलं नाही. कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाला ईमेल लिहिली. चार्जरचा फोटो, चालू घड्याळाचा व्हिडिओ, जॉबशीट, माहितीपत्रकातलं पोहण्याचं वाक्य, सगळं जोडलं. मागणी एकच : घड्याळ उघडून, आतल्या तपासणीचे फोटो देऊन लेखी अहवाल द्या, नाहीतर शेरा काढा. उत्तर येईना तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली. त्यानंतर गाडी हलली. घड्याळ पुन्हा मागवलं, उघडून पाहिलं, आत ओलावा नाही असं लिहून दिलं, शेरा काढला आणि तपासणीचे पैसे परत केले. ज्या तंत्रज्ञाने अहवाल दिला त्याचं काम चोख होतं. सील नवीन बसवली, दाबाची चाचणी करून दिली. ही तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

आता पिनांबद्दल, कारण माझ्या मते या किमतीच्या घड्याळांमधली ही सगळ्यात कच्ची बाजू आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. घामात मीठ असतं. ओल्या पिनेतून चार्जिंगचा प्रवाह गेला की धातूची झीज सुरू होते, शाळेत शिकलेलं विद्युतविघटनच ते. मुलामा कितीही चांगला असला तरी एकदा निघाला की खालचा धातू लवकर काळा पडतो. स्वित्झर्लंडच्या हवेत हा प्रश्न कदाचित जाणवणारही नाही. जूनमध्ये चर्चगेट-व्हीटी करणाऱ्या माणसाला जाणवतो. अॅपलच्या घड्याळात २०१५ पासून बिनपिनांचं, चुंबकाने चिकटणारं इंडक्शन चार्जिंग आहे. पाठ सलग, घाम साचायला धातूचे ठिपकेच नाहीत. गार्मिनच्या घड्याळांना धातूचे ठिपके असतात, पण त्यांच्या सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं की गंज टाळण्यासाठी चार्जिंगआधी ते आणि आजूबाजूचा भाग पुसून कोरडा करा. माझ्या घड्याळाच्या जाडजूड खोक्यात चामड्याचं पाकीट होतं, धाग्याने शिवलेलं. पिना पुसा असं सांगणारी एक ओळ कुठे नव्हती. पाकीट नसतं आणि ती ओळ असती तर माझे दोन शनिवार वाचले असते.

सध्या मी काय करते ते सांगते. संध्याकाळी घरी आल्यावर घड्याळ काढून साध्या पाण्याखाली धरते, साबण नाही. साबण आणि गरम वाफ रबरी सीलला चांगली नाही, म्हणून घालून आंघोळही नाही. मऊ सुती कपड्याने पुसायचं आणि थोडा वेळ पालथं ठेवायचं. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जरवर नाही, कितीही घाई असली तरी. रविवारी इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन घड्याळाचे ठिपके आणि चार्जरच्या पिना दोन्ही पुसते. सनस्क्रीन आणि डास पळवणारं मलम लावलं तर ते त्वचेत मुरल्यावरच घड्याळ घालते, त्यांतली काही रसायनं रबर आणि प्लास्टिक खराब करतात. चामड्याचा पट्टा जूनच्या पहिल्या आठवड्यात काढून ठेवते. गेल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पट्ट्यावर पांढरी बुरशी आली होती, आता सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात असतो. रबरी पट्ट्याने मनगटाला पुरळ येतं अशी तक्रार बरेच जण करतात. बहुतेक वेळा रबराचा दोष नसतो, खाली अडकलेल्या ओलाव्याचा आणि साबणाचा असतो. रोज धुवायला लागल्यापासून मला ते आलं नाही.

बाकी घड्याळाबद्दल माझं मत वापरता वापरता बरंच बदललं. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणाले असते. टायटॅनियमला लोकलच्या दांड्याचे ओरखडे लगेच पडले. चार वाजताच्या जागेजवळ, कडेला, एक चांगलाच टवका आहे. तेव्हा जीव हळहळला. आता सगळी केस सारखी मंद राखाडी झाली आहे आणि नव्या चकाकीपेक्षा मला हीच आवडते. शिवाय टायटॅनियमचं वजन स्टीलच्या जवळपास निम्मं, दिवसभर टायपिंग करताना मनगटाला जाणवतही नाही. काळ्या कोटिंगचं मॉडेल मात्र घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. कोटिंग निघालं की पॉलिश करून भागत नाही. सफायरच्या काचेवर आजपर्यंत एक रेघ नाही. समुद्रावरच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, साध्या काचेवर त्याने ओरखडे पडतात, पण सफायर त्याहून कठीण. पण कठीण म्हणजे न फुटणारं असं नाही. मार्बलच्या फरशीवर कडेने पडलं तर सफायर तडकतं, त्यामुळे बेसिनच्या कडेवर ठेवू नका.

कायम चालू राहणारी स्क्रीन मी बॅटरी वाचवायला बंद ठेवली होती. नंतर एकदा सुरू केली आणि परत बंद केली नाही. गर्दीत एक हात दांड्याला, दुसऱ्यात पिशवी, अशा वेळी मनगट झटकून वेळ पाहणं शक्य नसतं. नुसती नजर टाकली की वेळ दिसायला हवी, घड्याळाचं ते पहिलं काम आहे. बॅटरी त्यामुळे जेमतेम दिवसभर पुरते. झोपेची नोंद मी सोडून दिली, रात्री ते चार्जरवर असतं आणि तेच ठीक आहे. हृदयाचे ठोके मोजणारा हिरवा प्रकाश पट्टा घट्ट असेल तर नीट मोजतो. लोकलमध्ये सैल पट्ट्यावर आलेले आकडे मी मनावर घेत नाही.

एक गोष्ट मनापासून आवडली. रिटर्न भरण्याच्या दिवसांत फोन सतत वाजतो आणि मी तो स्टेशनवर पर्समधून बाहेर काढत नाही. कोणाचा फोन हे मनगटावर कळतं, आईचा असेल तर जिन्याच्या कडेला थांबून उचलते, क्लायंटचा असेल तर एका टिचकीने ‘नंतर करते’ जातं. ही सोय दहा हजारांच्या घड्याळातही मिळते, हे मला मान्य आहे. वरचे दीड लाख मी डायलच्या देखणेपणाचे आणि हाताला लागणाऱ्या धातूच्या स्पर्शाचे दिले. तो आनंद खरा आहे आणि रोज मिळतो.

पण चार वर्षं टिकलं असं धरलं तरी वर्षाला चाळीस हजार, म्हणजे दिवसाला साधारण एकशे दहा रुपये. त्यात आयुष्य ठरवणार बॅटरी आणि सॉफ्टवेअर, केस आणि काच नाही. अॅपलने २०१५ मध्ये अठरा कॅरेट सोन्याचं घड्याळ काढलं होतं, दहा हजार डॉलरपासून पुढे. अॅपलच्या घड्याळांचं २०१८ चं सॉफ्टवेअर, वॉचओएस ५, त्यावर चाललं नाही. सोनं तसंच, आतलं यंत्र तीन वर्षांत मागे पडलं. २०२१ मध्ये गूगलने वेअर ओएस ३ आणलं तेव्हा स्नॅपड्रॅगन वेअर ३१०० चिपची घड्याळं वगळली गेली. त्यात लाखाच्या वरची होती आणि चांगल्या स्थितीत होती. याच्या उलट टॅग हॉयरने २०१५ च्या पहिल्या कनेक्टेड घड्याळाला एक सवलत दिली होती : पंधराशे डॉलरचं घड्याळ दोन वर्षांनी परत द्या, तेवढेच आणखी पैसे भरा आणि यांत्रिक घड्याळ घेऊन जा. स्वस्त नव्हती, पण आतलं यंत्र कायमचं नाही हे खरेदीच्या वेळीच मान्य केलेलं होतं. महाग स्मार्टवॉच विकणाऱ्या प्रत्येकाने एवढा प्रामाणिकपणा दाखवावा. निदान वॉरंटी संपल्यावर बॅटरी बदलण्याचा खर्च खरेदीच्या दिवशीच पावतीवर छापावा.

तोच आकडा मी सध्या मागते आहे. शेऱ्याचं प्रकरण मिटल्यावर त्याच ईमेलमध्ये पुढे विचारलं : वॉरंटीनंतर फक्त बॅटरी बदलून मिळेल की पूर्ण मॉड्यूल, आणि किती रुपयांत? ‘त्या वेळच्या दरानुसार’ असं उत्तर आलं आहे. त्यावर मी आजचा दर विचारला आहे. लक्झरी स्मार्टवॉचची बॅटरी भारतात अधिकृतपणे बदलून घेतलेलं कुणी असेल तर ब्रँड, वर्ष आणि बिलाची रक्कम कृपया कळवा. दर कळेपर्यंत मी बहिणीला हे मॉडेल घे म्हणणार नाही, तिने दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.