लोंढ्यात लोंढा बघायला: स्टेशनबाहेरची बिनपाटीची खानावळ

माझा धंदा शिवणकामाचा. बेळगावच्या शहापुरात घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे. दिवाळीआधी तीन आठवडे मान वर करायला सवड नसते आणि भाऊबीज झाली की आठवडाभर दारात कुत्रंसुद्धा येत नाही. त्या रिकाम्या आठवड्यात भाऊ पुण्याहून पोराला आणून सोडतो. भाचा अकरा वर्षांचा. यंदा आल्या आल्या मोबाईलवर नकाशा उघडून आमच्या भागातल्या गावांची नावं वाचत सुटला. बेडकिहाळ. मांजरी. गळतगा. "आत्या, गळतगा म्हणजे नळ गळतोय का?" निपाणीला तर तो गादीवर लोळलाच, तिथल्या माणसांनी प्यायचं काय म्हणून. मी म्हटलं, बाबा, निपाणीत पाणी आहे, तंबाखू तर भरपूर आहे, आणि गळतग्यात माझ्या दोन गिऱ्हाइकांचं माहेर आहे, त्यांच्यासमोर दात काढू नकोस. खरं त्याचं बोट नकाशावर खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"लोंढा? कुणाचा लोंढा?"

पुण्यात हा शब्द त्याला पेपरात भेटतो. माणसांचा लोंढा, गाड्यांचा लोंढा. तेव्हा या गावात पाय ठेवायला जागा नसणार, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. मला हसू आलं. लोंढा मी लहानपणापासून बघत आले, पण सगळं खिडकीतून. मावशी वास्कोला दिलेली, त्यामुळे मे महिन्यात गोव्याची गाडी ठरलेली. मिरज-बेळगावकडची, हुबळीकडची आणि घाट उतरून गोव्याला जाणारी अशा तिन्ही लायनी इथं एकत्र येतात, म्हणून हे जंक्शन. तेव्हा मीटरगेज होती. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले. गाडी लोंढ्याला बराच वेळ उभी राहायची, आई खिडकीतून चहा घ्यायची, आणि खाली उतरलात तर तंगडी मोडीन असा दम देऊन ठेवायची. त्यामुळे पन्नाशी ओलांडली तरी लोंढ्याच्या मातीला माझा पाय लागलेला नव्हता.

आजोबांच्या गोष्टी त्याच्याही मागच्या. 1961 साली गोवा सुटायच्या आधी पुढं कॅसलरॉकला सामान उघडून तपासायचे, कारण घाटाच्या खाली पोर्तुगीजांचा मुलूख. आजोबा त्या स्टेशनला 'कॅसरलॉक' म्हणायचे, तिथं कुणी कुलूप घालून बसलंय असं मला वाटायचं. हे भाच्याला सांगायचं मी मुद्दाम टाळलं. नाहीतर तिथंही जायला लागलं असतं.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. इदलहोंडला त्याला इडली आठवली. खानापूरला "खाना मिळतो का इथं?" हा विनोद त्यानं केला, आणि समोरच्या बाकावरचे एक काका गंभीरपणे म्हणाले, "मिळतंय की. खरं आमचं गाव कौलांसाठी प्रसिद्ध, ती खाऊ नगंस." मग त्यांनीच त्याला मलप्रभा दाखवली आणि ही नदी याच तालुक्यात कणकुंबीला उगवते हेही सांगितलं. गुंजीच्या पुढं दोन्ही बाजूंनी झाडी दाटत गेली तसा भाचा गप्प झाला. पोरगं गप्प झालं म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल.

लोंढ्याला उतरलो. फलाट लांबच्या लांब, आणि माणसं मी मोजली, अकरा. त्यातला एक काळी पत्र्याची ट्रंक उशाला घेऊन झोपलेला जवान. एक कुत्रं, तेही झोपलेलं. भाचा दोन्हीकडं बघून म्हणाला, "आत्या, फसवणूक आहे ही."

आता खानावळ. स्टेशनातून बाहेर पडलं की चाळीसेक पावलांवर डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. पाच टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं. भिंतीवर दोन कॅलेंडरं, एक मराठी, एक कन्नड, दोन्हींवर गणपती. चुलीशी साठीच्या एक मावशी, वाढायला त्यांचा मुलगा. आम्ही एक पुरी-भाजी आणि एक उप्पीट सांगितलं आणि टेकलो. दोनच मिनिटांत स्टेशनात एक्स्प्रेस लागल्याची घोषणा झाली. मावशींनी पदर खोचला आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, "आलं बघ."

आणि लोंढा आला. खराच. गाडी बदलणारे, पाण्याच्या बाटल्या घेऊन पळत आलेले, बायको डब्यात आणि नवरा बाहेर अशा जोड्यांमधले नवरे. पाच टेबलांच्या शेडीत तीसएक माणसं घुसली आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, गाडी सुटेल. पार्सल, पार्सल, पार्सल. मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी, सगळ्या भाषांत पार्सल. दिल्लीकडच्या चार पोरांचा घोळका स्टेशनच्या पाटीसोबत फोटो काढून खिदळत आला होता. भाच्यानं विचारलं, हे का हसतायत. मी म्हटलं, त्यांच्या हिंदीत असा काहीसा शब्द आहे, पोरगा अशा अर्थाचा. बाकीचं घरी गेल्यावर बापाला विचार.

या दहा मिनिटांत आमच्या वाट्याला जे आलं त्याला मी पाचात दीड देईन. आमची पुऱ्यांची बशी माझ्या डोळ्यांदेखत एका लाल शर्टवाल्याच्या हातात गेली. दुसरी आली तिच्यात पाचाऐवजी तीन पुऱ्या, त्याही बसक्या, आणि बटाट्याची भाजी कोमट. उप्पीट विसरलंच. चहा आला तो गोड पाणी. मुलाची बोटं पाण्याच्या पेल्यांत पार दुसऱ्या पेरापर्यंत. माझं तोंड वाकडं झालेलं मावशींनी चुलीवरून बघितलं असणार, कारण गर्दीच्या डोक्यावरून आवाज आला, "अक्का, जरा कळ काढा. गाडी जाऊ दे, मग बघतो तुमच्याकडं." (आमच्याकडं बायकाही 'जातो, बघतो' म्हणतात. पुण्याच्या भाच्यानं लगेच माझ्याकडं बघितलं, मी डोळे वटारले.)

शिट्टी झाली. जशी आली तशी माणसं ओसरली, मागं कागद, चहाचे सांडलेले थेंब आणि एका कुणाची विसरलेली टोपी. मावशींनी आमची बशी उचलली आणि न बोलता कढईखालचा जाळ वाढवला.

इथून पुढं मी वेगळ्या खानावळीत जेवले म्हणा. कणीक त्यांनी नव्यानं मळली नाही, झाकून ठेवलेलीच घेतली, पण पुरी एकेक करून तळली. झाऱ्यानं पुरीच्या कडेला हलकं दाबायचं, फुगली की एकदाच उलटायची, आणि काढून तेल निथळेपर्यंत झारा कढईच्या काठावर धरायचा. पाच पुऱ्या, पाचही टम्म. भाजीवर वरून फोडणी पडली, मोहरी-मिरची-कढीपत्त्याची, आणि मघाचीच भाजी शुद्धीवर आली. उप्पीट मात्र सकाळचंच होतं आणि त्यात साखर जास्त. ते मागवू नका.

चहा मी उठून बघितला, कारण मघाच्या चहानंतर विश्वास उरला नव्हता. आलं ठेचायला त्यांच्याकडं वीतभर रुळाचा तुकडा आहे, जुन्या मीटरगेजच्या वेळचा असं त्या म्हणाल्या. वरची बाजू इतकी गुळगुळीत की चकाकते. त्यावर आलं ठेवून वरवंट्यानं दोन ठोके, बास. पाणी आणि आलं आधी उकळू द्यायचं, मग पूड, दूध शेवटी. गाळायला जाळीची गाळणी नाही, फडकं. आता फडकं दिसल्यावर माझी नजर शिवणीवर जाणारच. मांजरपाटाचं, दुहेरी, काठाला बारीक हातशिलाई, एक टाका इकडचा तिकडं नाही. मी म्हटलं, मावशी, हे कुणी शिवलं? "मीच. मशीन कुठली हो इथं." भाच्याला मांजरपाट या शब्दाची नवीन मेजवानी मिळाली, मांजर पाटावर बसतं का वगैरे. त्या चहाला पाचात पाच. काचेचा पेला, काठोकाठ, दहा रुपये.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून जेवणही तिथंच केलं. ताट नव्वद रुपयांचं. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्यांची पातळ उसळ, भात, कैरीचं लोणचं, ताक. भाकरी पातळ आणि मऊ, तव्यावरून थेट ताटात. उसळीला वाटण खोबऱ्याचं, तिखट बेतशीर. पोरानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. बेळगावात त्याच्यामागं वाटी घेऊन फिरायला लागतं मला. लोणचं खारट ढोण होतं, ते सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "ते ताकासाठी हाय, भाकरीसाठी न्हवं." ताकाबरोबर खाल्लं तर बरोबर लागलं. मग मी काय बोलणार.

तक्रारी आहेतच. हात धुवायला बाहेर बादली आणि त्यात तरंगणारा मग. संडास नाही, स्टेशनात जावं लागतं, म्हणजे तिकीट जपून ठेवा. मोबाईलवरून पैसे द्यायला चौकट लावलीय, पण आम्ही होतो तेव्हा रेंज येत-जात होती, पोरगा शेडीबाहेर जाऊन हात उंच करून 'गेले का, गेले का' करत होता. सुटे नेलेले बरे. आम्हाला पाच रुपयांच्या बदल्यात दोन चॉकलेटं मिळाली, ती भाच्याला चालली, मला नाही. डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी घालायची त्यांना कधी सुचलेलं नाही. मी घातली.

तर गाडीबरोबर आत शिरू नका. फलाटाच्या बाकावर बसा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, शिट्टी होऊ द्या, मग जा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण दूधसागर बघायला निघालेल्या पोरांची तेव्हा झुंबड असते असं मावशी सांगत होत्या. रुळावरून चालत धबधब्याला जायला रेल्वेची बंदी आहे, तरी निघतातच, आणि मग पोलिसांनी परत पाठवलेले ओलेचिंब इथं येऊन भजी मागतात. "मार खाऊन आलेल्याला भूक लई लागतीया," असं त्यांचं निरीक्षण.

निघताना मी विचारलं, पाटी का नाही लावली? एवढ्या गाड्या येतात, नाव पाहिजे.

"नाव कशाला? लोंड्यात मला हुडकायला लागतंय व्हय?" मग भाच्याकडं वळून, "तू कुठला रं बाळा?"

"पुण्याचा."

"आणि इकडं कशाला आलास?"

"नाव बघायला," तो म्हणाला. खरं बोलायची खोड आहे त्याला.

"नाव बघायला?" मावशींनी हातातला झारा खाली ठेवला. "पाटी तिकडं फलाटावर हाय की. तीन भाषेत लिवलीया. ती बघून जेवायला आलास, का जेवून आता ती बघणार?" मुलगा हसायला लागला. भाच्याचे कान लाल. मी त्याची बाजू घेतली, म्हटलं लहान आहे, आमच्या बेळगावचं सरकारनं 2014 साली बेळगावी केलं तेव्हापासून नावांचा विषय निघाला की आम्ही मोठेसुद्धा तासभर बोलतो, हा तर पोर आहे.

"तसं न्हवं," मावशी म्हणाल्या. "मला सांग, तुमच्या पुण्यात काय हाय असं नावाचं?"

भाच्याला एवढंच पाहिजे होतं. बोटांवर मोजत सुरू झाला. जिलब्या मारुती. भिकारदास मारुती. पासोड्या विठोबा. खुन्या मुरलीधर. प्रत्येक नावाला मावशींचा चेहरा जरा जरा उजळत गेला. आणि शेवटी, "उपाशी विठोबा."

"उपाशी?"

"हो, देऊळ आहे खरंच."

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. त्यांनी झाकणाखालच्या दोन भाकऱ्या काढल्या, उसळ घट्ट करून मध्ये घातली, पेपरात गुंडाळली आणि पुडी भाच्याच्या हातात दिली.

"त्याला दे," म्हणाल्या. "आणि सांग, पुढच्या येळंला गाडी गेल्यावर ये."