सॅमनच्या फ्लाय घरी बांधल्या: दिवाळी ते गणपती, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीत फ्लाय (गळावर केस, पिसं दोऱ्यानं बांधून केलेलं नकली आमिष) बांधायचा एक संच ऑनलाइन मागवला होता. गणपती झाल्यावर त्यावर बांधलेल्या डबीभर फ्लाय घेऊन भाच्याबरोबर स्कॉटलंडच्या टे नदीवर सॅमन माशाच्या मागे जाऊन आलो. मधले सगळे महिने शहापुरातल्या घरी, रात्रीचं जेवण उरकलं की माडीवर हेच काम. बेळगाव-खानापूर भागात गळ टाकून बसणारे पुष्कळ, पण फ्लाय बांधणारे मोजके. ज्यांना हा नाद लागलाय किंवा लागू पाहतोय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. हिडकलच्या नाहीतर नविलतीर्थाच्या बॅकवॉटरला आपण गांडूळ लावतो, पिठाचा गोळा लावतो, कारण मासा खायला येतो. अटलांटिक सॅमन अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरला की खाणंच सोडतो आणि कित्येक महिने अंगातल्या चरबीवर काढतो. तरी समोरून केसा-पिसांचं काही पोहत गेलं तर तोंड मारतो, चिडून म्हणा की जुन्या सवयीनं म्हणा. म्हणजे फ्लाय अमुक किड्यासारखी हुबेहूब दिसली पाहिजे असं काही नाही. ती पाण्यात जिवंत हलली पाहिजे, आणि त्या दिवशीच्या पाण्याला साजेशा आकाराची नि खोलीवर असली पाहिजे. संचात काय चांगलं, काय वाईट हे मी याच कसोटीवर ठरवलं.

संचातला व्हाइस, म्हणजे बांधताना गळ धरून ठेवणारा शिकंजा, 12 नंबरचा बारीक गळ ठीक धरायचा (नंबर मोठा तितका गळ लहान). 6 नंबरचा दुहेरी गळ लावून दोरा ताणला की मात्र गळ खाली घसरायचा. होळीपर्यंत जबड्यांच्या टोकाला खाच पडली. पोलाद मऊच होतं. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं नाही. आपल्या गावात उद्यमबाग आहे हे किती मोठं सुख आहे ते अशा वेळी कळतं. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये त्याच मापाचे ओएचएनएस या कठीण पोलादाचे जबडे करून घेतले, हार्डनिंग आणि टेंपरिंग करून. त्यानंतर गळ तसूभर हललेला नाही. दोऱ्याचं रीळ धरणाऱ्या बॉबिनच्या नळीची कड खरखरीत होती, दोरा कापला जायचा. ती बारीक पॉलिश पेपरनं घासून घेतली. कात्री उत्तम, अजून धार टिकून आहे.

संचातला कच्चा माल मात्र लवकर संपला आणि तिथून खरी मजा सुरू झाली. फ्लायच्या अंगावर चांदीच्या रंगाची जी बारीक तार गोल गोल फिरवतात, तिची बनावट बघितली तर मधे दोऱ्याचा गाभा आणि त्यावर गुंडाळलेली चपटी पट्टी. वडगाव-खासबागच्या मागांवर जी जर चालते तिची घडण तीच! ओळखीच्या विणकराकडून उरलेली जर आणली. पॉलिएस्टरची असल्यानं ती काळी पडत नाही. पाण्यातून काढल्यावर फक्त कोरडी करून ठेवायची.

केसांसाठी तिकडे हरणाची शेपटी किंवा खार वापरतात. मी बोकडाचे लांब केस घेतले. साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, रेशमाला लावतात तोच रंग व्हिनेगर घालून गरम पाण्यात दिला. काळा, पिवळा आणि भडक नारिंगी. बांधताना चिमूटभर केस मुळाशी घट्ट धरायचे आणि फणीनं आतली मऊ लव काढून टाकायची. ती राहिली तर केस पाण्यात गोळा होऊन बसतात, हलत नाहीत. मग टोकं सारखी करून गळाच्या दांड्यावर ठेवायची, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि तिसरा ताणून आवळायचा. उरलेले बुडखे तिरके कापून त्यावर वार्निशचा थेंब. हा थेंब चुकवू नका, बोकडाचा केस गुळगुळीत असतो, ओल्यानं निसटतो.

आता पिसांबद्दल, आणि हे मी कळकळीनं लिहितोय. जॉक स्कॉटसारख्या व्हिक्टोरियन काळातल्या फ्लायच्या दोन्ही गालांवर पांढरट-पिवळ्या, मेणचट चकाकीच्या ठिपक्यांची पिसं असतात. ती आपल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची. हा पक्षी फक्त भारतात आढळतो. कणकुंबी, भीमगडच्या रानात पहाटे ज्याची बांग घुमते तोच हा. एकेकाळी त्याची कातडी बोटीनं विलायतेला जायची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मारणं आणि त्याच्या पिसांचा व्यापार करणं हा गुन्हा आहे, भीमगडला 2011 पासून अभयारण्याचा दर्जा आहे. तरी 'आणून देतो की' म्हणणारा माणूस मला भेटला. मी त्याला तिथंच नाही म्हटलं. या पिसांचा शौक कुठवर जातो बघा: 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती फ्लाय बांधण्याच्या वेडापायीच. तिकडे आता पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं मिळतात, पण माशाला त्यांचीही गरज नाही. गावठी कोंबड्याच्या काळ्या पिसावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका आणि त्यावर पिवळ्याचा टिपूस, एवढ्यावर माझं काम भागलं.

फ्लायची नावं शेकडो आहेत. मी तीनच बांधल्या: कॅस्केड, विली गन आणि स्टोट्स टेल. कॅस्केडला पिवळी-नारिंगी शेपटी, वर काळे केस. विली गनमध्ये काळे, पिवळे, नारिंगी केस मिसळलेले. स्टोट्स टेल जवळजवळ सगळी काळी, अंगावर चांदीची रेघ. नदीवर घिली, म्हणजे तिथला जाणता वाटाड्या, माझी डबी बघायच्या आधी पाण्यातली उंचीची पट्टी बघून आला. आदल्या दिवशीच्या पावसानं पाणी चढून उतरायला लागलं होतं, रंग कोऱ्या चहाचा. त्यानं 8 नंबरची कॅस्केड उचलली. पाणी निवळून खाली गेल्यावर 12 ची स्टोट्स टेल लावायला सांगितली. वसंतात पाणी दहा अंशांच्या खाली असतं तेव्हा मोठी, जड फ्लाय खोल न्यावी लागते, तिथं माझी विली गन कामाला येईल. यावेळी ती डबीतच राहिली.

फेक प्रवाहाला तिरकी, खालच्या बाजूला. मग दोरी ताणात ठेवून फ्लाय हळूहळू काठाकडे वळू द्यायची. दुपारनंतर दोरीला जड ओढ लागली. माझा हात आपसूक वर जायला लागला तसा भाचा ओरडला, "मामा, ओढू नका की! त्याला वळू द्या आधी!" मासा वळला, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसला. रुपेरी अंग, नुकताच समुद्रातून आलेला. जाळीतच पाण्यात धरून गळ काढला आणि सोडून दिला. 2023 च्या अखेरीस ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन संकटग्रस्त यादीत गेलाय, त्यामुळे गळाचे उलटे काटे मी घरीच पकडीनं दाबून नेले होते. जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा: सॅमनसाठी परवाना नदीच्या त्या पट्ट्याच्या मालकाकडून घ्यावा लागतो, आणि स्कॉटलंडात रविवारी सॅमन धरायला बंदी आहे. तिकिटं काढताना रविवार मधे येणार नाही असं बघा.

घ्यावा का? संच म्हणून नाही. व्हाइस चांगला घ्या किंवा जबडे इथं करून घ्या, कात्री नि बॉबिन सुटे घ्या, जर, केस, पिसं गावात मिळतात. गळावर मात्र पैसे वाचवू नका. संचातले गळ दगडाला अडकून ओढले तरी सरळ व्हायचे, तिकडे जाताना मी ते सगळे बदलले. माझ्या नारिंगी रंगाचं एक काम अजून बाकी आहे: टे नदीत दिवसभर वापरल्यावर तो फिकट झाला. यावेळी केस जास्त वेळ उकळत्याच्या जरा खाली ठेवणार आहे, आणि धुतल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत बांधायला घेणार नाही.