पुढचे ब्रेक पॅड: घरी बदलावेत की गॅरेजात?

पॅडचं अस्तर (डिस्कवर घासणारा थर) तीन मिलिमीटरवर आलं की पॅड बदलायचे, यावर वाद नाही. वाद असतो तो ते कोणी बदलायचे यावर. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि हाताने ओढायचा हँडब्रेक अशा साध्या गाड्यांपुरतं हे लिहितोय.

वेळेच्या हिशेबात गॅरेज सरळ पुढे आहे. तिथे तासाभरात दोन्ही चाकं होतात. घरी पहिल्या खेपेला अर्धा दिवस हाताशी ठेवावा. पैशाचं म्हणाल तर ट्रॉली जॅक, दोन स्टँड, गोटी पाने, टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) आणि सी-क्लॅम्प (पिस्टन आत दाबायचा शिकंजा) एवढं घेतल्यावर पहिल्या कामात काहीच वाचत नाही. केवळ मजुरी वाचवायला घरी करणार असाल तर कदाचित नकाच करू.

माझा कल घरी करण्याकडे झुकला तो कॅलिपरच्या स्लायडर पिनांमुळे. कॅलिपर म्हणजे आतल्या पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, आणि स्लायडर पिना म्हणजे तो ज्यांवर मागेपुढे सरकतो त्या दोन पिना. गॅरेजात घाई असली की बऱ्याचदा खालचा एकच बोल्ट काढतात, कॅलिपर वरच्या पिनवर फिरवून उचलतात, पेचकसाने पिस्टन आत रेटतात, नवे पॅड सरकवतात आणि बोल्ट आवळतात. गाडी थांबते, त्यामुळे तक्रारीला जागा राहत नाही. पण वरची पिन बाहेर आलेलीच नसते. तिचा रबरी बूट फाटका असेल तर पावसाळ्यात पाणी शिरतं, ग्रीस वाळतं आणि पिन अडकते. मग कॅलिपर सरकत नाही आणि पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच घासला जातो. चाकाच्या फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड छान जाड, आणि आतला पार पत्र्यापर्यंत गेलेला! दोष मात्र पॅडच्या कंपनीला लागतो.

घरी याच कामाला निवांत दहा मिनिटं देता येतात. दोन्ही पिना काढा, जुनं काळं ग्रीस पुसा, भोकातलंही. पिनेवर गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर पिनच बदला. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. भोकात ग्रीस ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. काही कॅलिपरांत एकाच पिनेला रबरी बुश असतं, म्हणून ज्या भोकातली पिन त्याच भोकात घाला. बसवल्यावर ती बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे. ब्रॅकेटवरच्या (पॅड ज्यात बसतात त्या चौकटीवरच्या) पत्र्याच्या क्लिपा काढून त्यांच्याखालचा गंजही वायर ब्रशने घासा. हा गंज फुगला की पॅडचे कान (ब्रॅकेटमध्ये अडकणारी दोन्ही टोकं) आवळले जातात. नवा पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर ब्रॅकेट साफ झालेलं नाही.

बाकी कामही घरी जपून होतं. पिस्टन रेटण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीत डोकवा. मध्ये कोणी ती काठोकाठ भरली असेल तर ऑइल उतू जातं आणि रंग खातं, तेव्हा सिरिंजने थोडं काढून घ्या. सुटा कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका. पिनांचे बोल्ट छोट्या गाड्यांत साधारण 25 ते 35 न्यूटन-मीटरचे असतात, पण आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ते तळाला जातं. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 10 च्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावा, मध्ये पूर्ण थांबू नका.

काही बाबतींत मात्र गॅरेजच बरं. मागेही डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक (बटणाने लागणारा हँडब्रेक) असेल तर मागचे पॅड बदलताना तो आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी मोटर मागे घेतलेल्या स्थितीत, न्यावा लागतो. क्लॅम्पने जबरदस्ती केली तर यंत्रणा मोडते. पिस्टनजवळ ओल दिसली तर काम पॅडपुरतं उरलेलंच नाही. पार्किंग उताराचं असेल किंवा जॅकखाली पेव्हर ब्लॉक खचत असतील तरीही घरी नको. आणि गाडीसोबत मिळणाऱ्या कात्री जॅकच्या भरवशावर, स्टँड न लावता, हे काम कधीच करू नका.

गाडी गॅरेजात द्यायचं ठरलं तर चाक निघताना जवळ उभे राहा, ग्रीसची पुडी स्वतः न्या आणि दोन्ही पिना बाहेर काढायला सांगा. जुने पॅड मागून घ्या. एकाच चाकाचा आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी धरा. झिजेत दोन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पिना आणि पिस्टन तपासल्याशिवाय चाक चढवू देऊ नका.