हेअर फॉल शाम्पू, सात महिन्यांनंतर: त्या चांदणीखालची ओळ आधी वाचा

चौथी बाटली संपली, पाचवी घेणार नाहीये म्हणून लिहितेय. २०० मिलीला ४४९ रुपये, म्हणजे चार बाटल्यांचे १७९६. एवढ्यात आमच्या घरी महिन्याचं दूध येतं.

सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला, नोव्हेंबरात केस मुठीमुठीने जायला लागले. बाथरूमची जाळी रोज तुंबायची, बघून रडूच यायचं. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'केसगळती ९० टक्क्यांपर्यंत कमी' म्हणून घेतला आणि फेब्रुवारीत खरंच गळणं थांबलं. मी तर सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटले, दोघींनी घेतलाही, त्याचं आता जास्त वाईट वाटतंय.

कारण माझ्या जावेलाही त्याच आठवड्यात डेंग्यू झाला होता, तिचेही केस तसेच गेले आणि ती साधा पाऊचवाला शाम्पू लावत होती, तरी तिचेही फेब्रुवारीतच थांबले! स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या तापानंतर पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि बहुतेकांचं पुढच्या काही महिन्यांत आपोआप थांबतं. रोज ५० ते १०० केस तर निरोगी माणसाचेही जातात.

आता मुख्य मुद्दा. त्या ९० टक्क्यांवर एक चांदणी (*) आहे आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, 'तुटण्यामुळे होणारी केसगळती, कंडिशनिंग नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत'. म्हणजे मुळापासून गळणाऱ्या केसांबद्दल हा दावाच नाही! कंगव्यातला केस उजेडात धरून बघा, टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून आलाय, नसेल तर मधेच तुटलाय. मी एका रविवारी ६२ केस बघितले, ५५ ला ठिपका होता. कस्टमर केअरला हे सांगितलं तर ती मुलगी म्हणाली, मॅडम दावा तुटण्यापुरताच आहे. मग ते पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात का नाही लिहीत? पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीच.

शाम्पू वाईट आहे असं नाही हं. डायमेथिकोन आहे त्यात, ते केसावर पातळ थर देतं, गुंता कमी होतो, विंचरताना तुटणं खरंच कमी झालं. पण त्वचेच्या वर दिसणारा केस मेलेला असतो, त्याला वरून कितीही केराटिन चोपडलं तरी मुळाशी काही फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली तिथल्या जाहिरात नियामकाने अल्पेसिन या कॅफीनवाल्या शाम्पूचा केसगळती कमी करण्याचा दावा पुराव्याअभावी थांबवला होता. आपल्याकडे ही चांदणी बिनधास्त चालते, याचाच राग येतो.

त्या दोन्ही मैत्रिणींना फोन करून चांदणीखालची ओळ वाचून दाखवली. एकीची बाटली सीलबंद होती, दुकानदाराने बिल बघून परत घेतली.