नियोक्त्यांसाठी भेदभावविरोधी कायद्याची कार्यशाळा: पहिला दिवस भरीव, दुसरा अपुरा

आमच्या कंपनीत भरती, बढती आणि तक्रारनिवारण ही कामे सांभाळणारे आम्ही सहा जण गेल्या महिन्यात एका सल्लागार संस्थेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. कामाच्या ठिकाणचा भेदभाव आणि त्याबाबत नियोक्त्यावर असलेली कायदेशीर जबाबदारी हा तिचा विषय होता. या विषयावरची जी प्रशिक्षणे मी आजवर घेतली, त्यांत या कार्यशाळेचा पहिला दिवस निःसंशय सर्वांत चांगला होता. दुसऱ्या दिवशी मात्र जो भाग घाईघाईने उरकला गेला, नेमक्या त्याच भागात नियोक्ते सर्वाधिक चुका करतात.

सुरुवात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या कराराने झाली. वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ किंवा सामाजिक मूळ यांवरून केलेला जो भेद, वगळणूक किंवा पसंती समान संधी नाहीशी करण्यास किंवा कमी करण्यास परिणामतः कारणीभूत ठरते, तिला हा करार भेदभाव म्हणतो. प्रशिक्षकांनी आमचे लक्ष वेधले ते यातील 'परिणाम' या शब्दाकडे, कारण व्याख्येत हेतूची अट नाही. 'आमच्या मनात तसे काही नव्हते' हे मालकांचे नेहमीचे उत्तर अप्रत्यक्ष भेदभावाच्या, म्हणजे सर्वांना सारख्या दिसणाऱ्या नियमाचा फटका एखाद्या गटाला अधिक बसतो अशा, प्रकरणात का टिकत नाही, हे त्या एका शब्दावरून उलगडले.

त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७१ मधील ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्याचे होते आणि त्याला त्यांनी पुरेसा वेळ दिला, हे मला विशेष आवडले. नॉर्थ कॅरोलायनातील या वीज केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना पूर्वी केवळ मजुरी विभागातच काम मिळत असे, आणि त्या विभागातील सर्वाधिक वेतनही इतर विभागांतील सर्वांत कमी वेतनापेक्षा कमी होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील नोकरीविषयक तरतुदी ज्या दिवशी, म्हणजे २ जुलै १९६५ रोजी, लागू झाल्या, त्याच दिवसापासून कंपनीने अधिक पगाराच्या विभागांतील नव्या नेमणुकांसाठी माध्यमिक शाळेच्या पदविकेबरोबर दोन लेखी चाचण्याही आवश्यक केल्या. नियम कागदावर सर्वांना सारखाच होता. परंतु ज्या गोऱ्या कामगारांकडे ही पदविका नव्हती, ते त्याच विभागांत आधीपासून समाधानकारक काम करत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या. अट आणि प्रत्यक्ष काम यांचा संबंध दाखवता येत नसेल आणि अटीमुळे एखादा गट मोठ्या प्रमाणात बाहेर राहत असेल, तर हेतू चांगला असूनही ती अट कायद्यात बसत नाही, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला.

यानंतर प्रत्येकाला आपल्याच कंपनीची एक जाहिरात आणि एक नियम तपासायला सांगितले गेले. आमच्या जाहिरातीत 'गेल्या पाच वर्षांत नोकरीत खंड नसावा' अशी अट होती. ती कोणी घातली आणि कशासाठी घातली, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही. बाळंतपणासाठी, आजारपणामुळे किंवा घरातील वृद्धांच्या सेवेसाठी काम थांबवलेली प्रत्येक व्यक्ती त्या एका ओळीने मुलाखतीपूर्वीच गळत होती, आणि हे आम्ही वर्षानुवर्षे करत आलो होतो याची मला मनापासून खंत वाटली. परत आल्यावर आठवड्याच्या आत आम्ही ती ओळ काढली.

नोंदी ठेवण्याविषयीचे सत्र छोटे, पण उपयुक्त होते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार भेदभावाचा निष्कर्ष निघू शकेल अशी वस्तुस्थिती कर्मचाऱ्याने मांडली, की तसे घडले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियोक्त्याकडे येते. उमेदवार का निवडला किंवा का नाकारला याची त्याच दिवशी केलेली नोंद म्हणूनच मोलाची ठरते. त्याच कायद्याने नोकरीचा प्रस्ताव देण्यापूर्वी उमेदवाराला प्रकृतीविषयी प्रश्न विचारण्यावर काही अपवाद वगळता निर्बंध घातले आहेत, हे आमच्यापैकी अनेकांना नवे होते.

दुसऱ्या दिवशी दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी करावयाच्या वाजवी सोयींना जेमतेम पाऊण तास मिळाला. अमेरिकेचा १९९० चा, ब्रिटनचा २०१० चा आणि भारताचा २०१६ चा असे तिन्ही कायदे ही संकल्पना मान्य करतात. तरीही सोय कोणती द्यायची हे कर्मचाऱ्याशी बोलून कसे ठरवावे आणि 'अवाजवी बोजा', म्हणजे सोय देणे नियोक्त्याला झेपण्यापलीकडचे ठरणे, कशाला म्हणावे, यावर एकही सराव झाला नाही.

याहून गंभीर उणीव सूडाच्या कारवाईबाबत होती. तक्रार करणाऱ्याला त्रास देऊ नये, एवढे एक वाक्य सांगून प्रशिक्षक पुढे गेले. अमेरिकेतील समान रोजगार संधी आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत गेली अनेक वर्षे हाच आरोप सर्वाधिक असतो, हे लक्षात घेता इतकी त्रोटक मांडणी स्वीकारता येत नाही. बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वेच्या २००६ मधील खटल्यात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका महिलेने वरिष्ठाविरुद्ध तक्रार केल्यानंतर तिला रुळांवरच्या अधिक कष्टाच्या कामावर पाठवले गेले आणि पुढे ३७ दिवस बिनपगारी निलंबितही केले गेले. निलंबनकाळाचा पगार तिला नंतर मिळाला, तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. एखाद्या सामान्य कर्मचाऱ्याला तक्रार करण्यापासून परावृत्त करील अशी कोणतीही ठळक प्रतिकूल कृती सूडाची ठरू शकते, हा या निकालाचा निकष आहे. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी सूडाचा दावा उभा राहू शकतो, हे प्रत्येक व्यवस्थापकाला ठाऊक असायला हवे, कारण पाळी बदलणे, बैठकांना न बोलावणे किंवा रजा अडवणे असे निर्णय तोच रोज घेत असतो.

भरती आणि नियमावली पाहणाऱ्यांना मी ही कार्यशाळा निःसंकोच सुचवीन. तक्रारींची चौकशी करणाऱ्यांनी मात्र नाव नोंदवण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक मागवून पाहावे. आम्ही संस्थेला लेखी अभिप्राय पाठवून सूडाच्या कारवाईवर अर्ध्या दिवसाचे स्वतंत्र सत्र मागितले आहे, आणि ते मिळेपर्यंत आमच्या व्यवस्थापकांची पुढची तुकडी पाठवलेली नाही.